पौषातला गोबरगॅस

निफाडच्या थंडीचे वर्तमान दरवर्षी वृत्तपत्रांतून ठळकपणे छापून येते. पारा पाच अंशांच्या खाली उतरला की द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, मणी तडकण्याची चिंता सुरू होते, निर्यातीचे आकडे मांडले जातात. ते योग्यच आहे. परंतु त्याच रात्री, त्याच गावांतून आणखी एका पिकाची हानी होत असते आणि तिची बातमी होत नाही. हे पीक गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीत वाढते. ते डोळ्यांना दिसत नाही, बाजारात विकले जात नाही आणि म्हणून कोणत्याही हिशेबात येत नाही.

प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र. शेणाशी त्याचा संबंध एवढाच, की त्याचे बालपण निफाड तालुक्यात गेले आणि थोरले चुलतभाऊ अजून तेथे शेती करतात. त्यांच्याकडे पाच जनावरे आहेत आणि दोन घनमीटर क्षमतेचे, लोखंडी तरंगत्या टाकीचे गोबरगॅस संयंत्र आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत तेथे मुक्कामाला असताना संध्याकाळी निम्म्या भाकरी झाल्या आणि शेगडीची ज्योत पिवळी होऊन विझली. वहिनींनी न बोलता चुलीत काटक्या सारल्या. मी कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "भावजी, उन्हाळ्यात तिन्ही वेळचा सैपाक होऊन गॅस उरतो. थंडीत अंघोळीला पाणी तापवायचं असतं, तवा हा रुसून बसतो. तुमच्या पुस्तकात याला काही नाव आहे का?"

नाव आहे. मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो, ही अवस्था आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु ती का येते हे समजून घेण्यासाठी मला पुस्तके बदलावी लागली, महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना छळावे लागले आणि त्यांच्या प्रयोगशाळेतला तापमापक पिशवीत घालून पुन्हा गावी जावे लागले. हिवाळ्यात टाकीतल्या शेणकाल्याचा पारा विशीच्या खाली होता. वैशाखात तोच तिशीच्या आसपास गेला. जनावरे तीच, शेण तेवढेच, टाकीही तीच. फरक होता तो या दहाएक अंशांचा.

शेणापासून वायू होतो तो जिवाणूंच्या कामामुळे. हे काम एकाच जातीच्या जिवाणूचे नाही, ती एक साखळी आहे. पहिली टोळी शेणातले तंतुमय पदार्थ फोडून विरघळवते, दुसरी त्यांची आम्ले करते, तिसरी त्या आम्लांचे मुख्यतः सिरक्याच्या आम्लात रूपांतर करते आणि शेवटची टोळी त्यापासून मिथेन तयार करते. या शेवटच्या टोळीला हवेतील प्राणवायू सोसत नाही. १९७७ साली कार्ल वोझ या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की हे मिथेनकारी जीव नेहमीच्या जिवाणूंचे सख्खे भाऊ नव्हेतच, जीवसृष्टीची ती एक वेगळी आणि फार पुरातन शाखा आहे. इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ मध्ये मॅज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून जो ज्वलनशील वायू गोळा केला, तो याच मंडळींची निर्मिती होती.

या मंडळींचे आवडते तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सियस. त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण यांचे भाईबंद मूळचे राहतात ते गाईच्या पोटात, आणि गाईच्या कोठ्याचे तापमान ३८-३९ अंश असते. गाय हेच एक उत्तम ऊबदार संयंत्र आहे. बाहेर थंडी असो वा ऊन, ती आपल्या चाऱ्यातून इंधन खर्च करून आतले तापमान राखते. आपण मात्र तिचे शेण घेऊन जमिनीतल्या थंड खड्ड्यात ओततो आणि तितक्याच कामाची अपेक्षा करतो. ढोबळमानाने सांगावयाचे तर तापमान दर दहा अंशांनी उतरले की वायू तयार होण्याचा वेग निम्म्यावर येतो. वीस अंशांखाली काम रेंगाळते, दहाच्या खाली जवळपास थांबते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे बरेच घोटाळे होतात. थंडीने साखळीतल्या सर्व टोळ्या सारख्या मंदावत नाहीत. आम्ल करणारे बऱ्यापैकी तग धरतात, मिथेन करणारे आधी गळतात. परिणामी आम्ल साठत जाते, टाकी आंबते आणि आंबटपणा वाढला की मिथेनकारी आणखीच निकामी होतात. आता शेतकरी काय करतो? गॅस कमी आला म्हणून दोन पाट्या शेण जास्त टाकतो. आमच्या दादांनी तेच केले होते, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. उत्पादन घटले तर कच्चा माल वाढवावा, हे कोणालाही सुचेल. पण येथे ते उलटते. एक तर आम्लाची भर पडते, आणि दुसरे म्हणजे नव्या शेणाच्या रेट्याने जुने शेण पुरते न पिकताच बाहेर ढकलले जाते. थंडीत ज्याला जास्त वेळ हवा, त्याला आपण कमी वेळ देतो.

वेळ हा या विषयातील कळीचा शब्द होय. तापमान उतरल्याने शेणातला वायू नाहीसा होत नाही, तो निघण्यास उशीर लागतो. पुरेसे दिवस दिले तर थंड टाकीतूनही जवळपास तितकाच वायू मिळेल. परंतु जास्त दिवस शेण आत ठेवायचे तर टाकी मोठी हवी, आणि टाकी मोठी म्हणजे विटा, सिमेंट, गवंडी आणि कर्ज. उष्णता आणि भांडवल ही येथे एकमेकांची जागा घेऊ शकणारी उत्पादनाची साधने आहेत. सूर्याने उष्णता फुकट दिली तर भांडवल कमी लागते, त्याने हात आखडता घेतला तर ते खिशातून भरावे लागते. उत्पादनफलनाचा वक्र फळ्यावर काढताना मी आता हेच उदाहरण देतो. विद्यार्थी हसतात, पण विसरत नाहीत.

शासनाच्या नियमांत हे तत्त्व मान्य झालेले आहे. कौटुंबिक संयंत्राच्या आखणीसाठी देशाचे तापमानाप्रमाणे पट्टे पाडण्यात आले. महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ, तामिळनाडू अशा उष्ण पट्ट्यासाठी शेणकाला टाकीत राहण्याचा काळ ३० दिवस धरला गेला, उत्तरेकडील बऱ्याच मैदानी राज्यांसाठी ४० दिवस आणि डोंगराळ थंड प्रदेशासाठी ५५ दिवस. दोन घनमीटरच्या संयंत्रात रोज साधारण ५० किलो शेण आणि तितकेच पाणी जाते. म्हणजे निफाडच्या शेतकऱ्याला सुमारे ३,००० लिटर शेणकाला मावेल एवढी टाकी पुरेल असे मानले गेले, तर हिमाचलातल्या शेतकऱ्याला त्याच ज्योतीसाठी ५,५०० लिटरची टाकी बांधावी लागणार. थंडीचा हा कर अर्थसंकल्पात कोठे दिसत नाही, पण तो भरावा लागतो.

आणि उष्ण पट्ट्यातल्या आम्हा लोकांचे काय? वर्षाची सरासरी काढली तर महाराष्ट्र उष्णच आहे. परंतु सरासरी ही आमच्या शास्त्राची लाडकी आणि लबाड कन्या. नाशिकच्या वैशाखातील ऊन आणि पौषातील गारठा तिने एकत्र कालवला, की जो आकडा येतो तो वर्षातील फारच थोड्या दिवसांना लागू पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा प्रश्न फारसा भेडसावत नाही, समुद्र तेथील रात्री सांभाळून घेतो. देशावर, खानदेशात, विदर्भात तसे नाही. तीस दिवसांच्या मापाने बांधलेली टाकी या भागांत मार्गशीर्षापासून माघापर्यंत अपुरी ठरते.

संयंत्राच्या बांधणीचाही यात हात आहे. आपल्याकडे या तंत्राचा इतिहास जुना. मुंबईच्या माटुंगा येथील कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून वायू घेतला गेला, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९च्या सुमारास शेणावर प्रयोग केले, आणि १९५०च्या दशकाच्या आरंभी जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पुढच्या दशकात तेच उचलून गावोगाव नेले. वायू वाढेल तशी वर उचलली जाणारी लोखंडी टाकी हे त्याचे वैशिष्ट्य. किती गॅस आहे ते डोळ्यांना दिसते, दाब स्थिर राहतो. परंतु लोखंड उष्णतेला घरात ठेवत नाही. रात्रभर उघड्या आकाशाखाली राहून ते आतली ऊब बाहेर देत असते. १९७८ मध्ये उत्तर प्रदेशातील अजितमल येथील केंद्राने 'जनता' हे स्थिर घुमटाचे संयंत्र आणले आणि १९८४ मध्ये 'दीनबंधू' आले. ही दोन्ही पूर्णपणे जमिनीच्या पोटात. मातीचे पांघरूण असल्यामुळे रात्रीचा गारठा त्यांना बाधत नाही. मात्र जमिनीत थंडी उशिरा पोहोचते तशी उशिराच निघते, त्यामुळे घुमटाच्या टाकीची तक्रार थोडी उशिरा सुरू होऊन थोडी उशिरा संपते. शिवाय काळ्या कसदार जमिनीत घुमटाला तडे जाण्याची भीती असते ती वेगळीच. म्हणून दादांनी जुनीच लोखंडी टाकी ठेवली, आणि त्यांचे ते चुकले असे मला म्हणवत नाही.

मग टाकी तापवावी, असे कोणीही म्हणेल. जर्मनीत तेच करतात. तेथे अशी हजारो संयंत्रे आहेत, पण ती घरच्या शेगडीसाठी नव्हेत. वायूवर इंजिन चालते, वीज विकली जाते आणि इंजिनाला थंड ठेवताना जी उष्णता वाया जावयाची, तिच्यातला काही भाग फिरवून टाकी चाळिशीच्या आसपास ठेवली जाते. ऊब तेथे उपपदार्थ आहे. आपल्या शेतकऱ्याकडे इंजिन नाही, त्याला ऊब विकत घ्यावी लागेल. तिचा हिशेब सोपा आहे. रोज टाकावयाचा १०० किलो शेणकाला २० अंशांवरून ३५ अंशांवर न्यायला सुमारे ६३ लाख ज्यूल उष्णता लागते. एक घनमीटर वायूत अंदाजे दोन कोटी ज्यूल असतात. शेगडीची निम्मी उष्णता भांड्याला लागत नाही हे ध्यानात घेतले, तर या एका कामात सहा दशांश घनमीटर वायू जाईल. दोन घनमीटरच्या संयंत्रातला चौथ्या हिश्श्याहून अधिक! आणि एवढे करून टाकीच्या भिंतींतून रात्रंदिवस निसटणारी ऊब भरून निघालेली नसतेच. शेताचे राखण करण्यासाठी शेताचेच धान्य राखणदाराला खाऊ घालावे, अशातला हा प्रकार.

यावर आमच्या एका विद्यार्थ्याने फार मार्मिक शंका काढली होती. "सर, उकिरड्यावर थंडीत पहाटे वाफा निघतात, कुत्री त्यावर येऊन निजतात. शेण तेच, मग गोबरगॅसची टाकी आपोआप गरम का होत नाही?" उत्तर असे की, उकिरड्यात हवा शिरते. तेथील जिवाणू शेण जणू सावकाश जाळतात आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन आकाशात जाते. उकिरड्याचे पोट पन्नास-साठ अंशांपर्यंत सहज तापते. बंद टाकीत हवा नाही, म्हणून जळणे नाही. ऊर्जा मिथेनमध्ये जशीच्या तशी शिल्लक राहते आणि आपल्या शेगडीत येऊन जळते. टाकीचे थंड असणे हाच तिच्या काटकसरीचा पुरावा आहे.

पण या शंकेतच एक उपायही दडलेला आहे. टाकीच्या भोवती काडीकचरा, उसाचे पाचट आणि शेण यांचा हातभर रुंद थर रचला, तर उकिरड्याची वाया जाणारी ऊब टाकीला मिळते आणि वसंतापर्यंत खतही तयार होते. चीनच्या उत्तरेकडील लिआओनिंग प्रांतात तर एकाच काचगृहवजा छपराखाली डुकरांचा गोठा, शौचालय, वायूची टाकी आणि भाजीपाला यांची सांगड घालण्यात आली. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकातच या प्रश्नाला हात घातला. १९७४ मध्ये गोबरगॅसच्या अर्थकारणावर त्यांनी प्रदीर्घ लेख लिहिला आणि १९७९ मध्ये एक नामी कल्पना प्रसिद्ध केली. वायूच्या टाकीच्या माथ्यावरच पाण्याचे उथळ तळे करून त्यावर पारदर्शक छप्पर घालावे, दिवसभर उन्हाने तापलेले ते पाणी शेण कालवायला वापरावे. रेड्डी हे मूळचे विद्युत्‌रसायनशास्त्रज्ञ. शेणाकडे वळल्याबद्दल विद्वानांच्या पंगतीत त्यांना किती मान मिळाला असेल तो असो.

गरम पाण्याने शेण कालवण्याचे गणित कोणालाही घरी करता येईल. ५० किलो शेण २० अंशांचे आणि ५० लिटर पाणी ५० अंशांचे घेतले, तर मिश्रण ३५ अंशांचे होते. पन्नास अंशांचे पाणी मिळायला इंधन नको, छपरावरचा सौर बंब पुरे. अर्थात यातून चमत्कार होत नाही. टाकीत आधीचा तीन हजार लिटर गारठा बसलेला असतो, त्यात शंभर लिटर कोमट काला ओतल्याने एका दिवसात अर्धा अंशही चढत नाही. पण रोजच्या गार पाण्याने टाकी जी आणखी उतरत जाते, ते थांबते आणि दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. दिवाळीनंतर लगेच सुरुवात केली तर जास्त उपयोग. पौषात शेगडी विझल्यावर सुरू केले तर फळ दिसेपर्यंत होळी येते. तसेच शेण पहाटे गोळा करून गारठू देण्यापेक्षा ताजे ताजे टाकावे, आणि कालवणी सकाळऐवजी भर दुपारी करावी. यांतल्या एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही. बहुधा म्हणूनच त्या कोणत्याही योजनेत नाहीत.

पंचावन्न अंशांवर जगणाऱ्या निराळ्या जिवाणूंची कथा हल्ली उत्साहाने सांगितली जाते. त्यांचे काम झपाट्याचे, टाकी लहान, रोगजंतूंचाही नायनाट. पण ती मंडळी नाजूक. दोन-चार अंश हलले की बिघडतात, आणि इतक्या उष्णतेत शेणकाल्यातला अमोनिया त्यांनाच विषासारखा होतो. मोठ्या कारखान्यात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते शोभते. गोठ्यामागे नव्हे.

आता जमाखर्चाकडे वळू. एक घनमीटर वायू हा साधारण अर्धा शेर, म्हणजे आजच्या मापाने ४५० ग्रॅम, सिलिंडरच्या गॅसची बरोबरी करतो. थंडीच्या तीन महिन्यांत रोज एक घनमीटर तुटला असे समजा. नव्वद दिवसांत चाळीस किलो, म्हणजे चौदा किलोंचे जवळजवळ तीन सिलिंडर. ते आणावयाचे तर पैसे, नाही आणले तर सरपण. आमच्या घरी सरपणच येते, आणि ते कोण आणते हे सांगायला नको. हा खर्च संयंत्राच्या कोणत्याही मूल्यमापनात धरलेला मी पाहिला नाही. वहिनींच्या पहाटेला बाजारभाव नाही.

दुसरी हानी आणखी चोरटी आहे. थंडीत अर्धवट पिकून बाहेर पडलेला शेणकाला खड्ड्यात पडून राहतो, आणि फाल्गुनात ऊन तापले की तेथेच बुडबुडे येऊ लागतात. जो मिथेन पौषात शेगडीत जळावयाचा, तो चैत्रात उघड्यावरून वातावरणात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन हा कर्बवायूच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट पृथ्वी तापवतो. म्हणजे गोबरगॅसचे संयंत्र ज्या पर्यावरणासाठी बांधले, त्याचीच थोडी नासाडी ते थंडीच्या कृपेने करते. खत झाकून ठेवले, लवकर पसरले, तर हे बरेचसे टळते.

राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प १९८१-८२ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून देशात पन्नास लाखांच्या आसपास कौटुंबिक संयंत्रे उभारली गेली, असे सरकारी आकडे सांगतात. मधल्या काळात नावे बदलली. २०१८ मध्ये गोबरधन योजना आली, त्याच वर्षी दाबाखालील जैववायूच्या मोठ्या कारखान्यांसाठी 'सतत' ही योजना आली, आणि २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठीच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात लहान संयंत्रांना अनुदान ठेवले गेले. मोठ्या कारखान्यांना विरोध करण्याचे कारण नाही, त्यांच्याकडे टाकी तापवण्याची ऐपत असते. लहान संयंत्राची मोजणी मात्र आजही घनमीटरच्या पाटीवर होते. ज्याच्यावर 'दोन घनमीटर' लिहिले ते बाराही महिने दोन घनमीटर देते, असे गृहीत धरले जाते. वैशाखात ते खरे असते.

गेल्या दिवाळीनंतर दादांनी टाकीला काळा रंग दिला, भोवती पाचटाचा थर रचला आणि सौर बंबाच्या पाण्याची एक नळी कालवणीच्या टाकीकडे वळवली. पौषात मी फोन करून विचारले. वहिनी म्हणाल्या, संध्याकाळच्या भाकरी होतात, कोरड्यासाला मात्र अजून चूल लागते. पुढे दादांनी फोन घेतला. पाहणीला कोणी साहेब आले होते. त्यांच्या नमुन्यात संयंत्राची क्षमता, बांधकामाची तारीख आणि छायाचित्र यांसाठी रकाने होते. दादांनी त्यांना तापमापक दाखवला, तेव्हा साहेबांनी तो हातात घेऊन पाहिला आणि हा कशाचा, म्हणून विचारले.